मोटरहोमधारकांना कॅम्पिंग क्लब पुरे पडतात का?

ब्रिटनमध्ये चाकांवरच्या घरातून सुटी घालविण्याची परंपरा शतकाहून जुनी आहे. या परंपरेला तिथल्या दोन मोठ्या क्लबांनी आकार दिला. तंबू, कॅराव्हॅन आणि मोटरहोम या तिघांनाही हे क्लब आपले सभासद मानतात. तरीही मोटरहोमधारकांची एक तक्रार कायम आहे. वर्गणी सर्वांकडून घेतली जाते, मात्र सोयी कॅराव्हॅनवाल्यांच्या गरजा पाहून आखल्या जातात, असे त्यांचे म्हणणे आहे. या तक्रारीत तथ्य किती आणि त्यात क्लबांचा दोष किती, हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत.

प्रथम दोन्ही वाहनांतील भेद लक्षात घ्यायला हवा. आपल्याकडे 'कॅराव्हॅन' हा शब्द दोन्हींसाठी सर्रास वापरला जातो. ब्रिटनमध्ये मात्र कॅराव्हॅन म्हणजे मोटारीमागे जोडून ओढत नेण्याचे घर. मोटरहोममध्ये इंजिन आणि घर एकाच सांगाड्यावर असते. स्वयंपाकाचा ओटा, बिछाने, पाण्याची टाकी, सांडपाण्याची टाकी आणि शौचालय असा सगळा संसार चालकाच्या पाठीमागेच असतो.

'वाँडरर'पासून सुरुवात

सन १८८५ मध्ये डॉ. गॉर्डन स्टेबल्स यांनी ब्रिस्टलच्या एका वाघिणी बनविणाऱ्या कारखान्याकडून स्वतःसाठी खास घोडागाडी बांधून घेतली. नौदलात शल्यचिकित्सक म्हणून सेवा केलेले स्टेबल्स मुलांसाठी साहसकथा लिहीत. दोन घोड्यांच्या या गाडीला त्यांनी 'वाँडरर' म्हणजे 'भटक्या' असे नाव दिले आणि इंग्लंडच्या दक्षिणेकडून थेट स्कॉटलंडमधील इन्व्हरनेसपर्यंत प्रवास केला. हौसेसाठी बांधलेली ही पहिली कॅराव्हॅन मानली जाते. सन १९०७ मध्ये स्थापन झालेल्या कॅराव्हॅन क्लबच्या उपाध्यक्षांत स्टेबल्स यांचाही समावेश होता.

त्यापूर्वी सहा वर्षे, १९०१ मध्ये, थॉमस हायरम होल्डिंग या शिंपीकाम करणाऱ्या गृहस्थाने सायकलवर तंबू लादून भटकणाऱ्यांची संघटना उभारली होती. आजचा 'कॅम्पिंग अँड कॅराव्हॅनिंग क्लब' हा तिचाच वारसदार. दुसऱ्या महायुद्धानंतर मोटार मध्यमवर्गीयांच्या आवाक्यात आली, ओढण्याच्या कॅराव्हॅनचा प्रसार झाला आणि दोन्ही क्लबांच्या तळांची रचना याच कुटुंबांना डोळ्यांसमोर ठेवून झाली. मोटरहोमधारकांनी १९६० मध्ये 'मोटर कॅराव्हॅनर्स क्लब' ही स्वतःची वेगळी संस्था काढली. मोठ्या क्लबात आपल्याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही ही भावना किती जुनी आहे, याचा अंदाज त्यावरून यावा. अखेर २०१७ मध्ये कॅराव्हॅन क्लबने आपले नाव 'कॅराव्हॅन अँड मोटरहोम क्लब' असे केले. बदललेल्या सभासदवर्गाची ती अधिकृत दखल होती.

गरजा कुठे वेगळ्या ठरतात?

कॅराव्हॅनधारक तळावर येतो, कॅराव्हॅन सोडवतो, तिच्या बाजूला कापडी मांडव उभारतो आणि आठवडाभर तिथेच राहतो. बाजारहाट आणि भटकंतीसाठी त्याची मोटार मोकळी असते. मोटरहोमधारकाला दुधाची बाटली आणायची झाली तरी सारे घर हलवावे लागते. त्यामुळे तळापासून चालत जाता येईल असे गाव किंवा बसचा थांबा त्याच्या दृष्टीने फार महत्त्वाचा ठरतो. तो सहसा एक-दोन रात्री थांबून पुढे निघतो. स्नानगृह आणि शौचालय त्याच्या वाहनातच असल्याने तळावरील प्रशस्त स्नानगृहांचा त्याला फारसा उपयोग नसतो.

त्याला लागते ते वेगळेच. वाहन सरळ वर नेऊन सांडपाण्याची टाकी रिकामी करता येईल असे जमिनीतील गटार हवे. पिण्याचे पाणी भरण्यासाठी लांब नळी हवी आणि शौचालयाची टाकी ओतण्याची स्वच्छ जागा हवी. बहुसंख्य मोटरहोमचे भारासह कमाल अनुज्ञेय वजन साडेतीन टनांच्या आसपास असते. पाऊस झाल्यावर असे वाहन गवताच्या कुरणात रुतते. त्यामुळे खडी टाकून पक्की केलेली जागाही आवश्यक असते.

या कसोटीवर क्लबांचे मोठे तळ बऱ्यापैकी उतरतात. पक्क्या जागा आणि मोटरहोमसाठीचे सेवाकेंद्र आता बहुतेक ठिकाणी आढळते. उशिरा पोहोचणाऱ्यांना रात्र काढण्यासाठी अनेक तळांवर प्रवेशद्वाराजवळ स्वतंत्र जागा राखलेली असते. खरी अडचण आहे ती मुक्कामाच्या पद्धतीत. आगाऊ आरक्षण, दुपारनंतर प्रवेश, दुसऱ्या दिवशी दुपारपूर्वी निर्गमन आणि वापर होवो वा न होवो, सर्व सोयींचा खर्च गृहीत धरून आकारलेले भाडे ही चौकट आठवडाभर राहणाऱ्याला साजेशी आहे. संध्याकाळी सहा वाजता येऊन सकाळी नऊ वाजता निघणाऱ्या वाटसरूला ती महाग पडते आणि जाचकही वाटते.

कायद्याची चौकट

या चौकटीचे मूळ बऱ्याच अंशी कायद्यात आहे. सन १९६० च्या कॅराव्हॅन तळविषयक कायद्याने तळ चालविण्यासाठी स्थानिक प्रशासनाचा परवाना बंधनकारक केला. 'कॅराव्हॅन' या शब्दाची त्याने केलेली व्याख्या व्यापक असून निवासासाठी बांधलेले वा बदललेले मोटार वाहनही तीत मोडते. म्हणजेच कायद्याच्या लेखी मोटरहोम ही कॅराव्हॅनच ठरते. दोन मुक्कामी वाहनांत सुमारे सहा मीटर अंतर असावे, हा आगीच्या धोक्यापोटी आलेला दंडक दोघांनाही सारखाच लागू पडतो. त्यामुळे थोड्या जागेत अनेक मोटरहोम शेजारी-शेजारी उभी करण्याची युरोपीय पद्धत ब्रिटिश तळांवर सहजी आणता येत नाही.

याच कायद्याने मान्यताप्राप्त क्लबांना एक मोलाची सवलत दिली. क्लबने प्रमाणपत्र दिलेल्या शेतावर किंवा कुरणावर परवान्याविना पाचपर्यंत वाहनांना मुक्काम करता येतो. अट एवढीच, की येणारे त्या क्लबाचे सभासद असावेत. या सवलतीमुळे ब्रिटनच्या ग्रामीण भागात असे हजारो छोटे तळ निर्माण झाले. शांतता, माफक भाडे आणि शेतकऱ्याला जोडउत्पन्न हे त्यांचे गुण. मोटरहोमधारकांच्या दृष्टीने क्लबांची ही सर्वांत उपयुक्त देणगी म्हणावी लागेल. मात्र यांतील अनेक जागा मुख्य रस्त्यापासून दूर, अरुंद वाटांवर आणि गवताळ आहेत. सांडपाणी सोडण्याची सोय काही ठिकाणी बादलीपुरतीच असते.

फ्रान्स, जर्मनी आणि न्यूझीलंड

ब्रिटिश मोटरहोमधारकांच्या अपेक्षा इंग्लिश खाडीपलीकडील अनुभवाने वाढल्या आहेत. फ्रान्समध्ये नगरपालिका स्वतःहून 'एअर' नावाचे थांबे चालवतात. गावाच्या कडेला काही जागा आखलेल्या असतात आणि पाणी व सांडपाण्यासाठी एक खांब असतो. भाडे अल्प, कुठे तेही नाही. मुक्कामाची मर्यादा बहुधा एक-दोन दिवसांची असते. पाहुणा सकाळी गावातल्या बेकरीत पाव घेतो, रात्री तिथल्याच उपाहारगृहात जेवतो. गावाला होणारा लाभ हाच या व्यवस्थेचा आधार आहे. जर्मनीतील 'श्टेलप्लात्स' याच धर्तीवर चालतात. या दोन्ही देशांत ही गरज क्लबांवर सोडून दिलेली नाही, हे ध्यानात ठेवायला हवे.

क्लबानेच पुढाकार घेतला तर काय साधते, याचे उदाहरण न्यूझीलंडमध्ये सापडते. सन १९५६ मध्ये स्थापन झालेल्या तिथल्या मोटर कॅराव्हॅन असोसिएशनची सभासदसंख्या एक लाखाच्या पुढे गेली आहे. संस्थेने सभासदांसाठी देशभर स्वतःचे साधे, स्वस्त तळ उभारले. मोटरहोमस्नेही गावांची योजना राबवून छोट्या नगरांना सांडपाणी केंद्रे उभारण्यास प्रवृत्त केले. पाणी, सांडपाणी आणि शौचालय यांबाबत वाहन स्वयंपूर्ण आहे की नाही, हे तपासून प्रमाणपत्र देण्याच्या व्यवस्थेतही तिचा मोठा वाटा राहिला. तिथला २०११ चा मुक्त मुक्कामाचा कायदा आणि २०२३ मधील अधिक कडक सुधारणा या दोन्हींत स्वयंपूर्ण वाहनाच्या कल्पनेला महत्त्व आहे.

रस्त्याकडेचा प्रश्न

ब्रिटनमध्ये अशा थांब्यांची उणीव असल्याने वाद थेट रस्त्यावर येतो. स्कॉटलंडच्या २००३ च्या भूमी सुधारणा कायद्याने दिलेला मुक्त संचाराचा हक्क मोटार वाहनांना लागू नाही. इंग्लंडमधील अनेक किनारी गावांत वाहनतळांवर रात्री झोपण्यास मनाई असते किंवा उंच वाहने आत येऊ नयेत म्हणून आडवे खांब लावलेले असतात. स्कॉटलंडच्या उत्तरेतील 'नॉर्थ कोस्ट ५००' हा मार्ग २०१५ पासून गाजला. पुढे कोरोनाकाळात परदेशप्रवास थांबल्यावर अरुंद रस्त्यांवर मोटरहोमची गर्दी उसळली. उघड्यावर ओतलेल्या घाणीमुळे ग्रामस्थांचा रोष ओढवला. नियम पाळणाऱ्यांनाही त्याची झळ बसली.

काही प्रशासनांनी यातून मार्ग काढण्याचा प्रयत्न केला. स्कॉटलंडच्या वनविभागाने २०२१ मध्ये निवडक वाहनतळांवर स्वयंपूर्ण मोटरहोमना एका रात्रीच्या मुक्कामाची मुभा देणारा प्रयोग सुरू केला. हायलँड परिषदेने २०२४ मध्ये सात दिवसांसाठी ४० पौंडांची ऐच्छिक योजना आणली. खासगी तळचालकांनी तीवर टीका केली. वेल्समधील ग्वीनेड परिषदेने 'आरोस्फान' या नावाने फ्रेंच धर्तीचे थांबे उभारण्याचे काम हाती घेतले. तळचालकांचा आक्षेप निराधार नाही. परवाना, कर्मचारी आणि स्वच्छता यांवर वर्षभर खर्च करणाऱ्याच्या शेजारी सरकारी वाहनतळ स्वस्तात मुक्काम देऊ लागला, तर त्याच्या धंद्याला फटका बसणारच. मोठे क्लब स्वतःही तळ चालवतात. सभासदांचे हित आणि तळांचे उत्पन्न यांत त्यांची ओढाताण होते ती इथेच.

निष्कर्ष काय?

सोयींच्या बाबतीत क्लब मोटरहोमधारकांची उपेक्षा करतात, हा आरोप आज पूर्वीइतका खरा राहिलेला नाही. एका रात्रीच्या वाटसरूची गरज मात्र ते अद्याप पुरेशी भागवत नाहीत. त्यातला कायद्याचा भाग क्लबांच्या हाती नाही. तळांवरील मोकळ्या कोपऱ्यात सोयीविना, कमी दरात रात्रीपुरती जागा देणे, छोट्या तळांवर सांडपाण्याची चांगली व्यवस्था करून घेणे आणि नगरपालिकांकडे थांब्यांसाठी आग्रह धरणे या गोष्टी मात्र त्यांना करता येण्याजोग्या आहेत.

ब्रिटनमध्ये मोटरहोम भाड्याने घेऊन फिरणाऱ्या मराठी कुटुंबांनाही या व्यवस्थेची माहिती असलेली बरी. पाच वाहनांचे छोटे तळ केवळ सभासदांसाठी असल्याने वर्गणी भरल्याखेरीज तिथे जागा मिळत नाही. मुक्काम लांबणार असेल तर निघण्यापूर्वीच सभासदत्व घेण्याचा विचार करावा. आणि महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले असल्याने आपल्याकडेही हा विषय परका राहिलेला नाही. वाहने रस्त्यावर येण्याआधी पाणी भरण्याची, सांडपाणी सोडण्याची आणि निर्धास्त झोपण्याची जागा ठरविणे किती आवश्यक आहे, हे ब्रिटनच्या अनुभवातून दिसते. सुमारे एकशे चाळीस वर्षांपूर्वी डॉ. स्टेबल्स रोज नव्या गावी घोडे सोडीत, तेव्हा त्यांनाही प्रत्येक संध्याकाळी रात्रीपुरते एखादे कुरण शोधावे लागे. आजच्या मोटरहोमधारकाचा शोधही तोच आहे.