तारेतला धातू, शब्दातला धातू

‘वीज’ हा शब्द तोंडी इतका रुळला आहे की तो ‘विद्युत्’चाच वंशज आहे हे सहसा ध्यानात येत नाही. संस्कृतातल्या ‘द्य’चा प्राकृतात ‘ज्ज’ झाला, ‘विद्युत्’चे ‘विज्जु’ झाले आणि मराठीत आली वीज. ‘अद्य’चे ‘अज्ज’ आणि पुढे ‘आज’ झाले, ते याच वाटेने. मुळातला धातू ‘द्युत्’, म्हणजे चमकणे. पण आभाळात चमकणारी वीज तारेतून वाहू लागली, तेव्हा तिचा हिशेब मांडायला दुसरे धातू लागले.

ते पाठ्यपुस्तकात भेटतात: विभवांतर, विद्युतधारा, रोध, शक्ती. मुलांना हे शब्द बोजड वाटतात आणि सूत्रे नुसती पाठ होतात. मला मात्र मनापासून वाटते की शब्द उकलून दिले, तर निम्मे गणित तिथेच सुटते.

‘धारा’ सोपी. गाईची धार, आषाढातली संततधार, तीच ही. माप अँपिअर. ‘विभव’ म्हणजे संपत्ती, सामर्थ्य. आपले ‘वैभव’ त्यावरूनच आले. विभवांतर म्हणजे तारेच्या दोन टोकांच्या वैभवातला फरक. वीज कंपनीच्या कागदांवर हीच कल्पना ‘उच्चदाब’, ‘लघुदाब’ अशी येते. एक उपमा धनाची, दुसरी पाण्याची. माप मात्र एकच, व्होल्ट.

‘रोध’ आला ‘रुध्’पासून, म्हणजे अडवणे. विरोध, अवरोध, प्रतिरोध ही त्याची भावंडे. वाट रुंधते, कंठ रुद्ध होतो, तेही याच धातूमुळे. गेओर्ग ओहम या जर्मन शिक्षकाने १८२७ साली विभवांतर, धारा आणि रोध यांचे नाते पुस्तकरूपाने मांडले. रोधाच्या मापाला त्याचेच नाव मिळाले. आणि ‘शक्ती’ आली ‘शक्’पासून. ‘मी करू शकते’ म्हणताना आपण रोज तोच धातू उच्चारतो. सेकंदाला किती काम होऊ शकते, ती शक्ती. माप वॅट.

आता विजेची शेगडी घ्या. दाब २३० व्होल्ट, तापलेल्या तारेतून धारा ५ अँपिअर. तार किती अडवते? दर अँपिअरमागे किती व्होल्ट लावावे लागले, ते पाहायचे. ‘दर’ आला की भागाकार आला: २३० भागिले ५, रोध ४६ ओहम. शेगडी किती करू शकते? विभवांतर असून धारा नसेल तर काम शून्य. धारा असून विभवांतर नसेल तरी शून्य. दोन्ही हवीत, म्हणून गुणाकार: २३० गुणिले ५, शक्ती ११५० वॅट.

एका दाबावर हे दोन धातू एकमेकांच्या उलट चालतात. २३० व्होल्टवर पेटलेल्या ६० वॅटच्या पिवळ्या बल्बचा रोध सुमारे ८८० ओहम, तर १०० वॅटच्या बल्बचा सुमारे ५३० ओहम. जो कमी रुंधतो, तो जास्त करू शकतो.

तारेतल्या तांब्यालाही आपण धातू म्हणतो आणि क्रियापदाच्या मुळालाही. दोन्हींतून काहीतरी वाहत पुढे जाते. म्हणून फळ्यावर सूत्र लिहिण्याआधी ‘रुंधणे’ आणि ‘शकणे’ ही दोन क्रियापदे लिहावीत. मुलांना ती आधीपासूनच येतात.