सुईणपणाकडून नोंदणीकडे

जुन्नरच्या डोंगरांत सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी कोरलेली बौद्ध लेणी आहेत. तेथील एका शिलालेखात धान्यव्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दान दिल्याची नोंद आहे. दुसऱ्या एका लेखात बांबूचे काम करणाऱ्यांच्या आणि काशाचे काम करणाऱ्यांच्या श्रेणींचा उल्लेख येतो. बुद्धाच्या संघाशी व्यवहार करणाऱ्या कष्टकऱ्यांचा धंदा त्या काळी दगडावर कोरण्याच्या योग्यतेचा होता. पुढे गावगाडा आला आणि बांबूचे काम करणारा खालच्या पायरीवर ढकलला गेला. त्याच्या कामाची नोंद दगडावरून पुसली गेली आणि जात म्हणून कपाळावर उमटली.

कामाची नोंद कोण ठेवतो, कशासाठी ठेवतो आणि तिची मुदत कधी संपते, हा प्रश्न वरवर कारकुनी वाटतो. पण आपल्या समाजाचा इतिहास पाहिला तर तो प्रश्न गुलामीचा आणि मुक्तीचा आहे. या लेखात मी तो एका धंद्यापुरता पाहणार आहे. तो धंदा म्हणजे बाळंतपणाचा आणि रुग्णसेवेचा. जुन्नर-आंबेगावच्या गावांत तो पिढ्यान् पिढ्या आपल्या आया-आज्यांनी केला.

माझी आजी जुन्नर तालुक्यातील एका गावची सुईण होती. रात्री-अपरात्री वाड्यावरून बोलावणे येई. ती मागच्या दाराने आत जाई. ज्या घराच्या ओसरीला तिची सावली चालत नव्हती, त्या घराच्या सर्वांत आतल्या खोलीत तिचे हात चालत. मूल जन्मले, नाळ कापली, बाळंतिणीला न्हाऊ घातले, की आजी पुन्हा अस्पृश्य! पायलीभर धान्य आणि जुने लुगडे वरून टाकले जाई. ती गेल्यावर ती बसली होती ती जागा सारवून घेतली जाई. ज्या बाळाला या जगात पहिला स्पर्श तिने केला, तेच बाळ मोठे होऊन तिला लांब उभे राहायला सांगे. विटाळाचे काम तिचे आणि विटाळही तिचाच, असा हा न्याय होता.

मांग आणि महार स्त्रियांच्या वाट्याला आलेले हे सुईणपण काही मानाचे बलुते नव्हते. १८७४ च्या वतन कायद्याने महाराच्या वतनाची निदान कागदावर नोंद होती. ती नोंद वारसाने चाले. बाप गेला की मुलाचे नाव चढे. मुलाला ते काम येते का, त्याला ते करायचे आहे का, हे कोणी विचारीत नसे. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले ते यासाठीच. वतने कायद्याने नष्ट व्हायला १९५८ साल उजाडले. सुईणीला तर वतनाचीही नोंद नव्हती. तिची नोंद होती ती जातीच्या वहीत, आणि ती वही कधी बंद होत नाही.

आता याच्या उलट बाजूला काय होते ते पाहू. १८५५ साली जोतीरावांच्या शाळेतील मुक्ता साळवे या मांग मुलीने ‘ज्ञानोदया’त निबंध लिहिला. आपल्या स्त्रिया बाळंत होतात तेव्हा त्यांच्या घरावर छप्परही नसते, थंडीपावसात त्यांचे हाल होतात, हे तिने त्यात मांडले. म्हणजे जी जात दुसऱ्यांची बाळंतपणे करीत होती, तिच्याच बाया उघड्यावर बाळंत होत होत्या. १९२९ सालची काठेवाडातील हकीकत तर अंगावर काटा आणते. एका अस्पृश्य शिक्षकाची ओली बाळंतीण आजारी पडली. सवर्ण डॉक्टर वस्तीत येईना. वजनदार माणसांनी भीड घातल्यावर तो आला, पण बाईला वस्तीबाहेर आणवले. तापमापक नळी त्याने एका मुसलमानाच्या हाती दिली, त्याने ती नवऱ्याच्या हाती आणि नवऱ्याने बायकोच्या हाती. नळी त्याच वाटेने परत गेली. पुढे ती बाई मेली. शिक्षकाचे हे पत्र ‘यंग इंडिया’त छापून आले आणि बाबासाहेबांनी ते आपल्या आत्मकथनपर टिपणांत नोंदवून ठेवले. त्या डॉक्टरकडे पदवी होती, पण स्पर्श नव्हता. आपल्या आजीकडे स्पर्श होता, पण पदवी नव्हती. या देशातील आरोग्यव्यवस्थेचे दुखणे या दोन वाक्यांत आहे.

परिचर्येचे रीतसर शिक्षण आपल्याकडे मिशनच्या आणि सरकारी रुग्णालयांतून आले. डॉ. वॉनलेस यांनी मिरजेला १८९४ साली रुग्णालय काढले. पुण्यात ससून होते. १९०९ साली पुण्याला सेवासदन निघाले आणि तेथील स्त्रियाही या शिक्षणाकडे वळल्या. मलमूत्र, रक्त, परपुरुषाचे अंग यांना शिवण्याचे हे काम. सवर्ण घरांना ते हलके वाटे. म्हणून आरंभी त्यात ख्रिस्ती मुली अधिक, आणि त्यांतील कितीतरी अस्पृश्य जातींतून धर्मांतरित झालेल्या कुटुंबांतल्या. १८९७ च्या प्लेगात मुंढव्याच्या महारवाड्यातील आजारी मुलाला सावित्रीबाईंनी दवाखान्यात पोचवले आणि त्यातच त्यांचा अंत झाला. ती सेवा कोणत्याही वहीत नोंदलेली नव्हती, पण स्पर्शाची भिंत पाडणारी पहिली परिचारिका म्हणून आपण त्यांचेच नाव घेतले पाहिजे.

नंतर कायदा आला. मद्रास इलाख्यात १९२६ साली परिचारिका आणि सुईणींच्या नोंदणीचा कायदा झाला, मुंबई इलाख्यात १९३५ साली. १९४७ साली भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला आणि महाराष्ट्राचा स्वतःचा परिचारिका कायदा १९६६ साली. याच सुमारास, १९४६ साली, भोर समितीने देशाची अवस्था मांडली होती. साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानात सुमारे सात हजार परिचारिका, म्हणजे ४३ हजार माणसांमागे एक! दर हजार जिवंत जन्मांमागे सुमारे वीस माता मरत होत्या.

हा आकडा नीट वाचला पाहिजे. सुईणीचे गोडवे गाणारे काही विद्वान आता निघाले आहेत. त्यांना मी सांगेन की आजीच्या हाताखाली बायका वाचल्या तशा मेल्याही. नाळेवर राख लावली जाई, कुठे शेण लावले जाई. धनुर्वाताने बाळे आठवड्याच्या आत जात. रक्तस्राव सुरू झाला की सटवाईचे नाव घेण्यापलीकडे इलाज नसे. हा दोष आजीचा नव्हता. ज्ञानाची दारे तिला बंद होती आणि काम मात्र तिच्यावर जन्माने लादलेले होते.

पण तिच्याकडे काहीच नव्हते असेही नाही. वार पडेपर्यंत ती नाळ कापीत नसे. कळा देणाऱ्या बाईला उकिडवे बसू देई, हिंडू-फिरू देई. रुग्णालयांत मात्र कैक वर्षे बाईला उताणे निजवले गेले, नाळ झटकन कापली गेली, बाळाला पाय धरून उलटे केले गेले. आज जागतिक आरोग्य संघटना सांगते की नाळ बांधायला निदान एक ते तीन मिनिटे थांबावे, बाईला सोयीच्या स्थितीत राहू द्यावे, बाळ लगेच आईच्या अंगाशी द्यावे. नाळ कोरडी ठेवावी, सरसकट टाके घालण्यासाठी छेद देऊ नये. बाळ जन्मताच मिनिटभरात आईला ऑक्सिटोसिन द्यावे, म्हणजे रक्तस्राव आवरतो. आजीचे काही बरोबर ठरले, काही चूक. पुस्तकाचेही तसेच झाले. ज्ञान शिळे होते, म्हणूनच ते पुन्हा पुन्हा तपासावे लागते.

नोंदणीच्या नूतनीकरणाचे मर्म येथे आहे. परिचारिकेची नोंदणी पाच वर्षांची असते. ती नवी करायची तर पाच वर्षांत १५० तासांचे निरंतर शिक्षण घेतल्याचे दाखवावे, असा भारतीय परिचर्या परिषदेचा दंडक आहे. कित्येक भगिनींना ही कटकट वाटते. मला वाटते, यात जातिव्यवस्थेचा पायाच नाकारला आहे. जात म्हणते, तुझे काम जन्माने ठरले, त्याला परीक्षा नाही आणि त्यातून सुटकाही नाही. नोंदणी म्हणते, तू शिकलीस म्हणून हे काम तुझे, आणि पुढेही शिकत राहशील तरच तुझे. पुरोहिताच्या पोथीला कधी मुदत असते काय? वतनदाराने दर पाच वर्षांनी आपली लायकी कधी सिद्ध केली काय? जन्माची सनद कधी संपत नाही, शिक्षणाची संपते. म्हणूनच ती माणसाची सनद आहे.

पण तत्त्व चांगले म्हणून व्यवहार न्याय्य ठरत नाही. माझी धाकटी बहीण नोंदणीकृत परिचारिका आहे, आमच्या घरातली पहिली. ती जेथे कंत्राटावर काम करीत होती तेथे प्रशिक्षणाला गेले की त्या दिवसाचा पगार कापला जाई. वर्गाची फी खिशातून, एस.टी.चे भाडे खिशातून. घोडेगावच्या पश्चिमेला भीमाशंकरच्या वाटेवर, किंवा जुन्नरच्या नाणेघाटाकडच्या आदिवासी गावांत उपकेंद्र सांभाळणाऱ्या परिचारिकेचा विचार करा. डिंभे धरणाच्या पाण्यात मूळचे आंबेगावच गेले. तालुक्याला नाव उरले, गाव उरले नाही. त्या पाण्याच्या काठाकाठाने वाड्या विखुरलेल्या. पावसाळ्यात रस्ता खचतो. दिवस भरलेली बाई सोडून तिने शहरात व्याख्यान ऐकायला जायचे तरी कसे? मग शहरातले तास सहज भरतात आणि डोंगरातले भरत नाहीत. ज्या बाईला नव्या ज्ञानाची सर्वांत अधिक गरज, तिच्यापर्यंत ते सर्वांत उशिरा पोचते.

आणखी एक अन्याय इतिहासाच्या पोटात आहे. १९७७ नंतर ग्रामीण आरोग्य योजनेत दाईंना महिनाभराचे प्रशिक्षण मिळू लागले. आजीलाही ब्लेड, दोरा, साबण असलेला डबा मिळाला. तिने तो मरेपर्यंत जपला. पण ती वहीत आली नाही. कायद्याच्या मराठीत ‘प्रसाविका’ आली, ‘सुईण’ बाहेरच राहिली. तिला शाळेची अट आडवी आली, आणि शाळा तिला कोणी नाकारली होती? २००५ साली जननी सुरक्षा योजना आली, बाळंतपणे दवाखान्यात होऊ लागली. आज महाराष्ट्रात सुमारे ९५ टक्के बाळंतपणे संस्थांत होतात. दर लाख जन्मांमागे मातामृत्यू २०१८-२० च्या पाहणीत ३३ पर्यंत उतरले. ही मोठी कमाई आहे आणि तिचे मी स्वागत करतो. सुईणीचा धंदा गेला याचे दुःख नाही. ती गेली तेव्हा तिच्या हाती ना पेन्शन होते, ना तिच्या अनुभवाचे टिपण कोणाकडे होते, याचे दुःख आहे.

२०२३ साली संसदेने परिचर्या व प्रसूतिविद्या आयोगाचा नवा कायदा केला. त्यात राष्ट्रीय आणि राज्य पातळीवरच्या नोंदवह्यांची तरतूद आहे. वही आता संगणकात जाईल. तिच्यात आपल्या मुलींची नावे राहिली पाहिजेत, मुदत सरल्यामुळे गळता कामा नयेत. त्यासाठी आपल्या संघटनांनी साध्या मागण्या धरल्या पाहिजेत. प्रशिक्षणाचा दिवस कामाचा दिवस धरावा. कंत्राटी परिचारिकेलाही तो लागू व्हावा. वर्ग तालुक्याच्या गावी, घोडेगावला, जुन्नरला, मंचरला व्हावेत. फी कामावर ठेवणाऱ्याने भरावी. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात बाळंतपणाच्या रजेच्या विधेयकाची बाजू घेतली होती. स्त्रीच्या विश्रांतीचा भार एकट्या स्त्रीवर टाकू नये, ही त्यामागची भूमिका. स्त्रीच्या शिक्षणाचा भारही तसाच तिच्या एकटीवर टाकता येणार नाही.

बहिणीचे नूतनीकरण झाले तेव्हा तिने ते प्रमाणपत्र घरी आणले. आजीचा तो डबा अजून माळ्यावर आहे. बहिणीने प्रमाणपत्र त्यात ठेवले आणि म्हणाली, “दादा, आजीला अंगठाच येत होता, पण कोणी घ्यायलाच आले नाही.” पाच वर्षांनी तिला ते पुन्हा बाहेर काढावे लागणार आहे. काढू दे. आपल्या घराण्यात मुदत असलेला हा पहिला अधिकार आहे.