माणकाचा किरण आणि चंद्राची मोजणी

जमिनीची मोजणी करणाऱ्या अंमलदारास एक सोय असते, की ज्या दोन टोकांमधील अंतर त्यास हवे असते त्या दोन्ही टोकांशी त्याची माणसे जरीब घेऊन उभी राहू शकतात. परंतु जेथे दुसरे टोक अगम्य असते तेथे त्रिकोणाचा आश्रय करावा लागतो, आणि तो त्रिकोण जितका निमुळता तितका चुकीस वाव अधिक. लक्ष्याकडे लहरींचा स्पंद धाडावा, तो परतण्यास लागलेला काळ मोजावा आणि त्यावरून अंतर काढावे, ही युक्ती दुसऱ्या महायुद्धात रडारने यशस्वी करून दाखविली खरी. पण रेडिओलहरींचा झोत दूर जाता जाता फार पसरतो, आणि साध्या दिव्याचा प्रकाशही दूरवर एकवटून राहत नाही.

ही उणीव भरून काढणारे साधन, म्हणजे लेसर, कॅलिफोर्नियातील मालिबू येथे, ह्यूज कंपनीच्या प्रयोगशाळेत, १६ मे १९६० रोजी थिओडोर मेमन याच्या हाती आले. शोषलेली ऊर्जा प्रकाशरूपाने परत करण्यात माणिक अगदीच कृपण आहे असा निर्वाळा तत्पूर्वी देण्यात आला होता. मेमनने तो शिरसावंद्य न मानता मोजमाप स्वतः पुन्हा केले, तो चुकीचा ठरविला, आणि छायाचित्रणाच्या सर्पिल दिव्याच्या मध्यभागी कृत्रिम माणकाची लहानशी कांडी बसवून तिच्यातून लाल किरण काढला. त्याचा निबंध अमेरिकेतील एका मातब्बर नियतकालिकाने नामंजूर केला आणि तो इंग्लंडच्या 'नेचर'मध्ये ऑगस्टमध्ये प्रसिद्ध झाला. वृत्तपत्रांनी मात्र तोपर्यंत ह्या निरुपद्रवी कांडीतून मृत्युकिरण काढून टाकले होते!

तथापि मोजणीच्या दृष्टीने ह्या किरणाच्या प्रखरतेपेक्षा त्याच्या अल्पायुष्यास अधिक मोल आहे, असे मला वाटते. आरंभीच्या माणिक लेसरचा स्पंद सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास टिके. एवढ्या अवकाशात प्रकाश तीनशे किलोमीटर जातो, म्हणजे ह्या मापदंडाची स्वतःची लांबी मुंबई-पुणे अंतराच्या दुपटीहून अधिक भरे, आणि त्याने टेकडीचे अंतर मोजू पाहणे व्यर्थ होते. ह्यावर तोड ह्यूजच्याच रॉबर्ट हेलवर्थ याने काढली: कांडी व आरसा यांमध्ये विजेच्या इशाऱ्याने उघडणारी झडप ठेवावी, ती मिटलेली असेतो माणकात ऊर्जा साठू द्यावी आणि मग एकदम वाट मोकळी करावी. १९६२ मध्ये आपला सहकारी मॅक्क्लंग याच्या साहाय्याने त्याने हे प्रत्यक्षात आणले, तेव्हा स्पंद सेकंदाच्या कोट्यंशाच्या पंक्तीत आला आणि प्रकाशाच्या तुकड्याची लांबी मीटरांत सांगण्याजोगी झाली.

त्याच वर्षाच्या मे महिन्यात मॅसॅच्युसेट्स तंत्रविज्ञान संस्थेच्या स्मलिन व फिओक्को ह्या द्वयाने चंद्रावर माणकाचा किरण टाकून मूठभर प्रकाशकण परत मिळविले. पण त्यांचा स्पंद दीर्घ होता आणि चंद्राचा पृष्ठभाग उंचसखल, त्यामुळे ते मोजणीपेक्षा पोच मिळाल्यासारखेच झाले. खरी मोजणी सुरू होण्यास चंद्रावर आरसे बसविण्याची तजवीज व्हावी लागली. आलेला किरण आल्या दिशेनेच परत धाडणारे शंभर लोलक अपोलो ११ च्या यात्रिकांनी जुलै १९६९ मध्ये तेथे मांडले, आणि १ ऑगस्ट रोजी कॅलिफोर्नियाच्या लिक वेधशाळेने आपल्या माणिक लेसरचे परतलेले प्रकाशकण दप्तरी दाखल केले. जाऊन येण्यास सुमारे अडीच सेकंद लागतात. पुढे वर्षानुवर्षे चाललेल्या ह्या नोंदींवरूनच चंद्र पृथ्वीपासून दरसाल सुमारे ३.८ सेंटिमीटर दूर सरकत असल्याचे प्रत्यक्ष मापाने ठरले.

माणकाचा अंमल मात्र फार काळ टिकला नाही. त्यातील निम्म्याहून अधिक क्रोमियम अणू उत्तेजित केल्यावाचून किरण निघत नाही, हा खर्च डोईजड होता. उलट १९६४ मध्ये बेल प्रयोगशाळेत सिद्ध झालेल्या, निओडिमियम मिसळलेल्या यिट्रियम-ॲल्युमिनियम गार्नेटच्या स्फटिकास अशी अट नसल्याने तो थोड्या ऊर्जेवर झपाट्याने स्पंद देऊ शके. अपोलो १५ ने १९७१ मध्ये चंद्राभोवती फिरताना पृष्ठाची उंची माणिक लेसरने मोजली होती. २००८ मध्ये चांद्रयान-१ वरील भारतीय उपकरणाने तेच काम निओडिमियमच्या स्फटिकाने केले. चांद्रयान-३ च्या चंद्रावर उतरलेल्या विक्रम यानावर तर नासाचा आठ लोलकांचा एक चिमुकला संचच होता, आणि १२ डिसेंबर २०२३ रोजी अमेरिकेच्या चंद्रप्रदक्षिणा करणाऱ्या यानाने सुमारे शंभर किलोमीटरांवरून त्याच्या रोखाने लेसरचे स्पंद सोडले, तेव्हा त्यांचे प्रत्युत्तर यानाच्या ग्राहकात बिनचूक नोंदले गेले.