चौसष्ट बाइटांचे वाटणीपत्र

संगणकावर नवी कार्यप्रणाली बसवावयास घेतली म्हणजे भाषा, घड्याळ, कळफलक यांविषयीची प्रारंभीची प्रश्नोत्तरे सहज आटोपतात. परंतु हार्ड डिस्कवरील पार्टिशनांची यादी पडद्यावर उमटली, की सरावलेल्या माणसाचाही हात क्षणभर थबकतो, कारण आपले आजवरचे लेखन, छायाचित्रे आणि हिशेब यांचे भवितव्य त्या चार-सहा ओळींच्या अचूक वाचनावर अवलंबून आहे, हे तो जाणून असतो. या ओळींचा तक्ता कोणत्या गरजेतून निर्माण झाला हे ठाऊक झाले, की त्या भयाची जागा समज घेते. म्हणून त्याची कुळकथा सांगावीशी वाटते.

१९८१ साली आलेल्या आयबीएमच्या पहिल्या वैयक्तिक संगणकात हार्ड डिस्क नव्हती. ए आणि बी ही अक्षरे फ्लॉपींच्या वाट्याला गेलेली होती. मार्च १९८३ मध्ये ‘पीसी एक्सटी’ आला, तो दहा मेगाबाइटांची डिस्क घेऊन. तिला पुढचे अक्षर सी मिळाले, आणि ज्या घरांतील मुलांनी फ्लॉपी कधी पाहिलेलीही नाही, त्या घरांतही आज ‘सी ड्राइव्ह भरला, डी मध्ये ठेव’ असे जे म्हटले जाते, त्याचे मूळ या क्रमात आहे. त्या डिस्कवर ५१२ बाइटांचा एक, असे २०,८०८ सेक्टर होते. एवढी विस्तीर्ण व महागडी जागा एकाच प्रणालीच्या स्वाधीन का करावी, डॉसशेजारी सीपी/एम-८६ किंवा युनिक्सच्या कुळातील एखादी प्रणाली का नांदू नये, या विचारातून डॉसच्या २.० आवृत्तीबरोबर एफडिस्क हे साधन आणि डिस्कचे चार हिस्से पाडण्याची पद्धत आली. एकमेकींची फाइल-व्यवस्था न समजणाऱ्या प्रणालींना एका छपराखाली राहता यावे, हा या वाटणीचा मूळ हेतू होय.

वाटणीचे हे पत्र डिस्कच्या अगदी पहिल्या सेक्टरात लिहिलेले असे. त्याच्या ५१२ बाइटांपैकी पहिले ४४६ संगणक सुरू करणाऱ्या छोट्या आज्ञावलीसाठी, अखेरचे २ खूण म्हणून, आणि मधले ६४ तक्त्यासाठी. प्रत्येक हिश्शाच्या नोंदीस १६ बाइट लागत, म्हणून हिस्से चार. विंडोज एक्सपीच्या काळातील एखाद्या डिस्कवरची अशी नोंद उघडून पाहिली, तर ती षोडशमान अंकांत ‘८० ०१ ०१ ०० ०७ एफई एफएफ एफएफ ३एफ ०० ०० ००’ अशी सुरू होते. पहिला ८० सांगतो की संगणक याच हिश्शातून सुरू करावयाचा आहे. पाचव्या स्थानावरचा ०७ हिश्शाची जात सांगतो, येथे एनटीएफएस. आणि ३एफ, म्हणजे ६३, हा त्याचा प्रारंभीचा सेक्टर. त्याच्या पुढचे चार बाइट लांबी सांगतात, आणि नोंद संपते.

या सोळा बाइटांपलीकडे त्या हिश्शाला अन्य अस्तित्व नाही, ही या कुळकथेतील सर्वांत मननीय गोष्ट आहे. शेताची वाटणी झाल्यावर निदान बांध तरी घातला जातो. डिस्कच्या तबकडीवर हद्दीचा ओरखडाही उमटत नाही. प्रत्येक प्रणाली तक्ता वाचते, आपल्या हद्दीत वागते, आणि शेजाऱ्याच्या सेक्टरांना हात लावीत नाही. सारा व्यवहार या शिरस्त्यावर चालतो. म्हणूनच तक्ता पुसला गेला तर डिस्क रिकामी भासते, परंतु त्या जागेवर नवे काही लिहिले गेले नसेल आणि जुन्या हद्दी पुन्हा बिनचूक नोंदता आल्या, तर हरवलेले सर्व काही जागच्या जागी सापडते. टेस्टडिस्कसारखी साधने हिश्शांच्या आरंभीच्या खुणा हुडकून हेच कार्य करतात.

पुढे वाटणीचे प्रयोजन पालटले. डॉसला एका हिश्शात ३२ मेगाबाइटांपलीकडची जागा हाताळता येत नसे, आणि डिस्का तर वाढत चालल्या; तेव्हा १९८७ च्या ३.३ आवृत्तीत चारपैकी एका हिश्शाला ‘विस्तारित’ ठरवून त्याच्या पोटात अनेक उपहिस्से पाडण्याची सोय झाली. प्रत्येक उपहिश्शापाशी एक लहान तक्ता, आणि त्यात पुढच्या तक्त्याचा पत्ता, अशी ही साखळी असते. लिनक्सने १ ते ४ हे क्रमांक मूळ हिश्शांसाठी राखून ठेवले असल्यामुळे उपहिस्से ५ पासून मोजले जातात. बसवणुकीच्या यादीत एसडीए१ नंतर एकदम एसडीए५ दिसून अनेकजण मधले तीन हिस्से शोधत बसतात, त्याचे कारण हे.

तक्त्यात लांबीसाठी चारच बाइट असल्याने ४,२९,४९,६७,२९६ पर्यंतच सेक्टर मोजता येत, म्हणजे सुमारे २.२ लाख कोटी बाइट. रचनाकारांसमोरच्या डिस्कच्या ही दोन लाख पटींहून अधिक जागा होती. तरीही २०१० च्या सुमारास तीन टेराबाइटांच्या डिस्का बाजारात आल्या आणि ती मर्यादा ओलांडली गेली. सुदैवाने १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात इंटेलने इटॅनियम यंत्रांसाठी ईएफआय ही नवी आरंभव्यवस्था रचावयास घेतली होती, आणि तिच्याबरोबर जीपीटी हा नवा तक्ता घडला. त्यात सामान्यतः १२८ हिश्शांची सोय असते, प्रत्येकाला १२८ बिटांची स्वतंत्र ओळख मिळते, नोंदी शाबूत आहेत की नाहीत हे ताडणारी बेरीज सोबत असते, आणि संपूर्ण तक्त्याची एक नक्कल डिस्कच्या शेवटी जपलेली असते.

या नव्या तक्त्याने पहिला सेक्टर मात्र जुन्याकडेच ठेवला. तेथे ‘ईई’ जातीची एकच नोंद केलेली असते, आणि तिचा अर्थ एवढाच, की ही डिस्क रिकामी नाही. जीपीटी न समजणारे एखादे जुने साधन समोर आले, तर त्याने मोकळी जमीन समजून लिहावयास आरंभ करू नये, यासाठी त्याच्याच भाषेत लिहून ठेवलेली ही सूचना आहे. भिन्न प्रणालींनी एकत्र नांदावे हा १९८३ चा हेतू तिने निष्ठेने पुढे नेला आहे.

तेव्हा पुढच्या वेळी ती यादी समोर आली, की प्रत्येक ओळीचा आकार आणि जात ताडून पाहावी. शे-पाचशे मेगाबाइटांचा, फॅट ३२ जातीचा जो छोटा हिस्सा निरुपयोगी वाटतो, तो बहुधा ईएफआयचा असतो, आणि शेजारची प्रणाली त्यातूनच सुरू होते. तो पुसू नये. एका डिस्कवर नांदणाऱ्या प्रणाली आपापली हद्द पाळतात. ती हद्द बदलण्याचा अधिकार त्या क्षणी आपल्या हाती असतो, म्हणून तक्ता एकवार पुन्हा वाचावा, आपल्या फाइलींची नक्कल अन्यत्र सुरक्षित असल्याची खात्री करावी, आणि मगच होकाराची कळ दाबावी.