मोठ्या ताई-दादाच्या नावाला शोभेल असं धाकट्या मुलाचं नाव कसं निवडावं?

पहिल्या बाळाचं नाव ठेवताना काम तसं सोपं असतं. नाव आवडलं, अर्थ चांगला निघाला, आजी-आजोबांना पटलं की झालं. दुसऱ्या वेळी मात्र एक अट वाढते. हे नाव घरात आधीच असलेल्या एका नावाशेजारी बसायचं असतं. दोन्ही नावं एका दमात घेतली जाणार, लग्नपत्रिकेत शेजारी छापली जाणार, शाळेत एकाच्या नावावरून दुसऱ्याला ओळखलं जाणार.

मग सुरू होते यमकाची शोधाशोध. मोठी आर्या, तर धाकटा आर्यन. मोठा अथर्व, तर धाकटा अर्णव. ऐकायला गोड वाटतं, पण रोजच्या वापरात हीच गोडी अडचणीची ठरू शकते. म्हणून जुळणारं नाव म्हणजे नेमकं कसं, ते या लेखात पाहू.

आपल्या नावात वेगळा शब्द एकच असतो

मराठी पद्धतीत पूर्ण नाव म्हणजे स्वतःचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव. सख्ख्या भावंडांमध्ये यातले शेवटचे दोन शब्द सारखेच असतात. 'आर्या अमोल पाटील' आणि 'आर्यन अमोल पाटील' या दोन नावांत फरक आहे तो फक्त शेवटच्या 'न'चा. आद्याक्षरं लिहिली तर दोघंही 'आ. अ. पाटील'.

आता हीच दोन नावं वेगवेगळ्या ठिकाणी ठेवून पाहा. दोघांचा पत्ता एक, पालकांचा मोबाइल क्रमांक एक, बऱ्याचदा शाळा एक आणि डॉक्टरही एकच. शाळेच्या फीची पावती, बँकेतलं खातं, रक्ततपासणीचा अहवाल, दवाखान्यातली फाइल, सगळीकडे ओळख पटवायचं काम त्या एका शब्दावर येतं. लहान मुलांना औषधाचं प्रमाण साधारणपणे वजनावरून ठरवतात. दोन वर्षांच्या मुलाच्या जागी सहा वर्षांच्या बहिणीची फाइल उघडली गेली, तर ती चूक हसण्यावारी नेण्यासारखी नसते.

म्हणून एक साधं सूत्र लक्षात ठेवा: अर्थाने जवळ, आवाजाने लांब.

हे सूत्र नवीन नाही

आपल्याकडची प्रसिद्ध भावंडं पाहिली तर हेच दिसतं. तेराव्या शतकातली निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ताबाई ही चार नावं पाहा. निवृत्ती म्हणजे संसारापासून मागे वळणं, मग ज्ञान, मग सोपान म्हणजे जिना आणि शेवटी मुक्ती. चारही नावं एकाच वाटेवरची आहेत. तरीही कोणतीही दोन एकसारख्या आवाजाने सुरू होत नाहीत. हाक मारली तर चुकीचं भावंड धावत येणार नाही.

चिंचवडच्या चापेकर बंधूंची नावं दामोदर, बाळकृष्ण आणि वासुदेव. तिन्ही कृष्णाची नावं, पण कानाला पूर्ण वेगळी. भगूरच्या सावरकरांच्या घरात थोरले गणेश आणि त्यांच्यानंतरचे विनायक. दोन्ही नावं गणपतीची, पण एकही अक्षर सारखं नाही. जुन्या पिढीने देव एकच ठेवला, आवाज मात्र वेगळा निवडला.

मंगेशकर भावंडांचं उदाहरण आणखी वेगळं आहे. लता, मीना, आशा, उषा ही चारही नावं दोन अक्षरी आणि 'आ'ने संपणारी. धाकट्या भावाचं नाव मात्र हृदयनाथ. बहिणींच्या नावांशी त्याचं यमक नाही, पण वडिलांच्या 'दीनानाथ' या नावाशी ते जुळतं. म्हणजे बहिणीच्या नावाची चाल भावाच्या नावात यायलाच हवी असं नाही. घरातल्या दुसऱ्या एखाद्या नावाशी नातं असलं तरी पुरतं.

नावं जुळवण्याच्या चार पद्धती

1. अर्थाची जोडी
दोन्ही नावं एकाच कल्पनेतली निवडायची. निसर्ग, पाणी, आकाश, संगीत, ज्ञान असा एखादा धागा पकडा.

• मोठी रेवा (नर्मदा) असेल तर: अर्णव (समुद्र), सागर
• मोठी अवनी (पृथ्वी) असेल तर: अंबर (आकाश), आदित्य (सूर्य)
• मोठी शर्वरी (रात्र) असेल तर: शशांक (चंद्र), सोम (चंद्र)
• मोठी स्वरा असेल तर: निनाद (नाद, गुंजणारा आवाज), मल्हार (राग, शिवाय खंडोबाचं नाव)
• मोठी मृण्मयी (मातीची) असेल तर: चिन्मय (चैतन्यमय)

2. एकाच कथेतली नावं
• मोठी मीरा असेल तर: माधव, मुकुंद (दोन्ही कृष्णाची नावं)
• मोठी मुक्ता असेल तर: ज्ञानेश, सोपान
• मोठी गार्गी (उपनिषदातली विदुषी) असेल तर: नचिकेत (कठोपनिषदातला प्रश्न विचारणारा मुलगा)
• मोठा राघव (राम) असेल तर: सौमित्र (सुमित्रेचा मुलगा, लक्ष्मण), भरत
• मोठा रुद्र (शंकर) असेल तर: ईशान (शंकर, तसंच ईशान्य दिशेचा स्वामी)

3. एकच घडण
अर्थ वेगळा असला तरी नावांचा बाज सारखा ठेवायचा. मोठीचं नाव सई असेल तर यश, नील, ओम अशी छोटी नावं शोभतात. मोठा अनिरुद्ध असेल तर पुरुषोत्तम किंवा विश्वजित अशी भारदस्त नावं चालतील. एकाचं नाव अगदी जुन्या वळणाचं आणि दुसऱ्याचं अगदी नव्या फॅशनचं असेल तर ती दोन वेगळ्या घरांतली वाटतात. त्यात चूक काही नाही, पण जोडी हवी असेल तर हे पाहावं.

4. एकच आद्याक्षर
ही सर्वात लोकप्रिय आणि सर्वात जपून वापरायची पद्धत. आद्याक्षर एक ठेवायचंच असेल तर निदान दुसरं अक्षर आणि शेवट वेगळा ठेवा. 'शर्वरी–शशांक' चालेल, कारण पुढचा आवाज बदलतो. 'अन्वी–अन्वय' किंवा 'स्वरा–स्वराज' मात्र अर्ध्या हाकेपर्यंत एकच नाव आहे.

या जोड्या टाळलेल्या बऱ्या

एकाला मोठं, दुसऱ्याला लहान करणारी नावं. मोठी छाया आणि धाकटा तेजस, किंवा मोठी कणिका (लहानसा कण) आणि धाकटा विराट. एकेकटं नाव सुंदर आहे, पण शेजारी ठेवलं की एक झाकलं जातं. मुलगी आधी आणि मुलगा नंतर असेल तर हे दोनदा तपासा. मुलगा हवा असताना मुलगी झाली म्हणून तिचं नावच 'नकुशी' ठेवण्याची प्रथा आपल्याच राज्यात होती. 2011 साली सातारा जिल्ह्यात अशा अडीचशेहून अधिक मुलींना समारंभाने नवी नावं देण्यात आली. आज असं नाव कोणी ठेवणार नाही, पण आपण कोणाची किती वाट पाहिली हे नावांच्या जोडीतून मुलांना अजूनही कळतं.

एकमेकांविरुद्ध लढलेल्यांची नावं. कर्ण आणि अर्जुन किंवा वाली आणि सुग्रीव हे भाऊच होते, पण ते आठवतात त्यांच्या वैरासाठी. चारचौघांत त्यावरून विनोद होणारच.

पूर्ण झालेली जोडी. लव-कुश ही जोडी दोघांवर संपते. पुढे तिसरं बाळ झालं तर त्याला कुठलं नाव देणार? तशी शक्यता असेल तर निवृत्ती-ज्ञानदेवांसारखा, पुढे वाढवता येईल असा धागा निवडा.

नाव पक्कं करण्याआधी पाच चाचण्या

हाक मारून पाहा. स्वयंपाकघरातून, कुकरची शिट्टी चालू असताना, दोन्ही नावांनी हाक मारा. दुसऱ्या खोलीतल्या माणसाला कोणाला बोलावलं ते कळलं नाही तर नाव बदला.

लाडाचं नाव काढून पाहा. अनन्या आणि अनिकेत ही दोन वेगळी नावं आहेत, पण घरात दोघांचंही 'अनू' होऊ शकतं.

मोठ्या भावंडाला म्हणायला सांगा. तीन-चार वर्षांच्या मुलाला 'रुद्र' किंवा 'शौर्य' म्हणताना जीभ वळवावी लागते. ते जसं म्हणेल तेच बहुतेक घरातलं नाव होतं, हे गृहीत धरा.

आद्याक्षरं आणि पूर्ण नाव लिहून पाहा. दोन्ही पूर्ण नावं एकाखाली एक लिहा आणि घाईत असलेल्या कारकुनाच्या नजरेने वाचा.

महाराष्ट्राबाहेर म्हणून पाहा. 'ज्ञ' आपण 'द्न्य' असा उच्चारतो, हिंदी भाषिक 'ग्य' म्हणतात. 'ऋ' आपल्याकडे 'रु', तर उत्तरेत 'रि'. त्यामुळे ज्ञानेश किंवा ऋग्वेद या नावांचं इंग्रजी स्पेलिंग दोन तऱ्हांनी होतं. नाव जरूर ठेवा, पण स्पेलिंग पहिल्या दिवशीच ठरवा.

नावरस नाव जुळत नसेल तर?

अनेक घरांत जन्मनक्षत्रावरून अक्षर काढतात. 27 नक्षत्रं आणि प्रत्येकाचे 4 चरण, अशी एकूण 108 अक्षरं होतात. रोहिणी नक्षत्राला ओ, वा, वी, वू ही अक्षरं येतात. मोठीचं नाव 'मीरा' आणि धाकट्याला अक्षर आलं 'वा', तर 'वासुदेव' निघतं. जोडीही जुळते, अक्षरही. प्रत्येक वेळी असं होईलच असं नाही. तेव्हा नावरस नाव पाळण्यात ठेवायचं आणि व्यवहारातलं नाव वेगळं ठेवायचं, ही जुनी सोय आहेच.

कागदपत्रांत काय लक्षात ठेवावं?

• जन्माची नोंद 21 दिवसांत करायची असते. बारसं परंपरेने बाराव्या दिवशी होतं, त्यामुळे नाव ठरवून नोंद करायला वेळ मिळतो.
• नाव ठरलं नसेल तरी नोंद थांबवू नका. नावाशिवाय नोंद करता येते. नंतर 12 महिन्यांपर्यंत विनाशुल्क आणि पुढे 15 वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून नाव घालता येतं.
• 1 ऑक्टोबर 2023 पासून किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेश, आधार, मतदार नोंदणी अशा कामांत जन्मदाखला हा जन्मतारीख आणि जन्मठिकाणाचा मुख्य पुरावा आहे. त्यावरचं नाव नीट तपासा.
• महाराष्ट्रात 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांसाठी शासकीय कागदपत्रांत बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव असा क्रम आहे. म्हणजे मोठीचा जन्म त्याआधीचा असेल तर तिचं नाव तीन शब्दांचं आणि धाकट्याचं चार शब्दांचं होऊ शकतं. ही चूक नाही, नियम बदलल्याचा परिणाम आहे.
• नोंदणीला जाताना मोठ्या अपत्याचा जन्मदाखला सोबत न्या. आई-वडिलांच्या नावांचं आणि आडनावाचं स्पेलिंग दोन्ही दाखल्यांवर अगदी सारखं हवं.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मोठ्या मुलाला नाव निवडू द्यावं का?
मोकळं सोडलं तर तो आवडत्या कार्टूनचं नाव सांगेल. तुम्हाला पसंत असलेली दोन नावं समोर ठेवा आणि त्यातलं एक निवडायला सांगा. बारशाला आत्या बाळाच्या कानात नाव सांगते, तेव्हा तिच्या शेजारी त्यालाही उभं करा. 'बाळाचं नाव मी ठेवलं' हे तो घुगऱ्या वाटताना सगळ्यांना सांगत सुटेल.

मोठीचं नाव आम्हाला आता तितकंसं आवडत नाही. तरी जुळवावं का?
मोठीच्या नावाची चाल धरायची गरज नाही. पण धाकट्यासाठी जेवढा विचार केलात, तेवढाच तिच्या नावामागेही होता हे तिला सांगा. ते नाव कसं सुचलं, कोणी सुचवलं, ही गोष्ट तिला माहीत असू द्या.

काहीच जुळत नसेल तर?
तर चांगलं वाटलेलं स्वतंत्र नाव ठेवा. आपल्या पद्धतीत वडिलांचं नाव, आडनाव आणि आता आईचं नावही दोघांना सारखंच मिळतं. ही दोघं एका घरची आहेत हे सांगायला तेवढे शब्द पुरेसे आहेत. उरलेला एक शब्द त्याचा एकट्याचा असू द्या.