घराचे तोंड : कोल्हापूरचा नवा राजवाडा

घर कोणीकडे तोंड करून उभे आहे हे पाहिले, की धन्याचा काळ ओळखता येतो. आमच्या मैंदर्गीच्या बाजूचा जुना वाडा घ्या. बाहेर जाड भिंत आणि दिंडी दरवाजा. सारे वैभव आत, चौकाभोवती. वर मातीचे माळवद. ऊन कडक, पाऊस बेताचा, त्यात लुटारूंचे भय. अशा मुलखात घराने आत पाहावे हेच शहाणपण.

इंग्लंडातील सरदारांची घरेही एके काळी अशीच, गढीवजा आणि मध्ये चौक सोडलेली असत. ट्यूडर राजांच्या अमलात अंतर्गत लढाया थंडावल्या, तशी ती बाहेर पाहू लागली. १५९० च्या दशकात डर्बीशायरमध्ये उठलेल्या हार्डविक हॉलच्या दर्शनी बाजूस भिंतीहून काच अधिक दिसते. तेव्हा काच फार महाग. म्हणून खिडकी हे ऐश्वर्याचेही प्रदर्शन होते.

हीच रीत तीन शतकांनी कोल्हापुरास आली. जुना राजवाडा अंबाबाईच्या देवळालगत, गजबजाटात. नवा मात्र गावाबाहेर, मोकळ्या आवारात. १८७७ ते १८८४ या काळात तो बांधला गेला. आराखडा मेजर चार्ल्स मँट यांचा. काळा घोटीव दगड, घड्याळाचा अष्टकोनी मनोरा, हिंदी धाटणीचे घुमट. आणि दरबार दालनाच्या रंगीत काचांवर शिवछत्रपतींच्या चरित्रातील प्रसंग. काच विलायती, कथा आमची!

पण श्रोतेहो, इंग्लंडात खिडक्या उघडल्या त्या घरच्या निर्धास्तपणामुळे. येथे काय होते? राजवाड्याचे काम चालू असता चौथे शिवाजी महाराज वेडे ठरविले जाऊन इंग्रजांच्या पहाऱ्यात होते. त्यांच्या छळाविषयी ‘केसरी’ व ‘मराठा’ यांनी लिहिले, तेव्हा अब्रुनुकसानीच्या खटल्यात टिळक-आगरकरांनी १८८२ साली डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. २५ डिसेंबर १८८३ रोजी महाराज अहमदनगरच्या किल्ल्यात वारले. मँट १८८१ सालीच निवर्तले होते. घर पुरे झाले तेव्हा आखणाराही नव्हता, धनीही नव्हता. घराला खिडक्या शेकडो, आणि राजा बंदिस्त! वास्तू पाहताना शिल्पाबरोबर सत्ता कोणाची हेही विचारावे, ते यासाठी.

हाच प्रश्न आपल्या वाड्यांनाही विचारला पाहिजे. वाडा उतरविण्यापूर्वी निदान तो किती खणांचा, दरवाजा कोणत्या दिशेस, चौकात पाणी कोठून येई, एवढे टिपून ठेवावे. भिंत गेली तरी तेवढा कागद पुढच्यांना साक्ष देईल.