‘मानसोल्लासा’तली कांडणाची ओळ

मराठी वाङ्मयाचा इतिहास शिकवताना ‘मानसोल्लास’ हे नाव वर्गात एकदाच येते. ओवी किती जुनी, असा प्रश्न निघाला की शके १०५१, म्हणजे इ. स. ११२९ हे साल सांगायचे, महाराष्ट्रातील स्त्रिया कांडण करताना ओवी गातात अशी नोंद त्या ग्रंथात असल्याचे सांगायचे आणि महानुभावांकडे वळायचे. मीही अनेक वर्षे हेच केले. मग एकदा ग्रंथ सलग चाळला, आणि आपण एका मोठ्या वाड्यातून फक्त एक खुंटी उपटून आणली आहे असे वाटू लागले.

ग्रंथ संस्कृत आहे आणि तो कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या नावावर आहे. कल्याणी म्हणजे आजचे बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण. शंभर अध्याय, वीस-वीसच्या पाच ‘विंशती’: राज्य मिळवणे, ते टिकवणे, उपभोग, विनोद आणि क्रीडा. त्याचे दुसरे नाव ‘अभिलषितार्थचिंतामणि’, आणि ते अधिक खरे आहे. जे हवे ते यात सापडावे अशीच त्याची रचना. गजानन श्रीगोंदेकर यांनी संपादिलेली त्याची आवृत्ती बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत १९२५, १९३९ आणि १९६१ अशी तीन खंडांत निघाली. पहिल्या आणि शेवटच्या खंडात छत्तीस वर्षांचे अंतर आहे. आपण त्याचे तुकडे-तुकडेच वाचत आलो, त्याला हेही एक कारण असावे.

बिलोलीच्या वाचकाला हा ग्रंथ परका वाटण्याचे कारण नाही. बिलोली म्हटले की नवाब सरफराजखानांच्या नावाची जुनी दगडी मशीद आठवते, आणि तालुक्याच्या कडेने जाणारी मांजरा. पण शेजारच्या देगलूर तालुक्यात होट्टल आहे. तेथील मंदिरे आणि त्यांवरच्या सुरसुंदरी याच चालुक्यांच्या काळातल्या. रित्ती आणि शेळके यांनी १९६८ साली प्रसिद्ध केलेल्या नांदेड जिल्ह्यातील शिलालेखांच्या संग्रहात कानडी लेखांची संख्या पाहिली, की या मुलखाची राज्यभाषा तेव्हा कोणती होती हे वेगळे सांगावे लागत नाही. राजा कानडी, ग्रंथ संस्कृत आणि त्यात मराठी बायकांची ओवी. सीमाभागात राहणाऱ्याला याचे नवल वाटत नाही; नवल वाटते ते भाषावार इतिहास लिहिणाऱ्याला.

आता ग्रंथातला सर्वांत समृद्ध भाग: कृती. इड्डरिका उडदाच्या पिठाची करावी, तिला हिंग, जिरे, मिऱ्याचा संस्कार द्यावा. वटक दह्यात वा दुधात मुरवावेत. मांडे आहेत, पुऱ्या आहेत, डाळींचा धोसक आहे. आणि शेतातले काळे उंदीर कढत तेलात टाकून त्यांचे केस कसे काढावेत हेही आहे, ज्यावरून आजचे वाचक उगाच दचकतात. चित्रकर्माचा भाग तर एखाद्या कारागिराशेजारी बसून लिहिल्यासारखा आहे. म्हशीचे कातडे लोण्यासारखे मऊ होईपर्यंत पाण्यात उकळावे, त्याच्या वड्या वाळवून ठेवाव्यात, हा वज्रलेप. काजळ भाताच्या पिठाळ लगद्यात मळून रेखाटनाची वर्तिका वळावी. वासराच्या कानातले केस लाखेने काडीला चिकटवून कुंचला करावा. हे वाचून आज कोणी घरी कुंचला करायला बसला तर तो होईल, इतकी सूचना नेमकी आहे.

पण ही सगळी ‘करावे’, ‘घ्यावे’, ‘मळावे’ नेमके कोणी? संस्कृतच्या विध्यर्थाला कर्ता सांगण्याची सक्ती नाही. आपल्या मराठी पाककृतींनीही तेच व्याकरण उचलले: कांदा बारीक चिरावा, फोडणी द्यावी. चिरणारी कुठेच नाही. राजाने म्हैस सोलली नाही आणि उडीदही वाटले नाहीत. ज्यांनी वाटले त्यांचे ज्ञान श्लोकांत आले. ती माणसे आली नाहीत.

प्रवास आणि वागणुकीचे अध्याय मला तुलनेने फिके वाटतात. तीर्थस्नान आहे, सैन्याच्या कूचाचे मुहूर्त आणि शकुन आहेत, पालख्या आणि नावा आहेत. पहिल्या विंशतीत प्रिय बोलावे, क्रोध टाळावा, अतिथीला मान द्यावा, दीन-अनाथांना पोसावे अशी शिकवण येते. स्वतःची स्तुती करू नये, असाही एक अध्याय आहे. तो ‘सर्वज्ञ’ ही पदवी मिरवणाऱ्या राजाच्या नावाने यावा, ही गंमत.

या पार्श्वभूमीवर गीतविनोदातली ओवीची ओळ पुन्हा वाचावी. तिथे एकाएकी कर्ता सापडतो, तोही स्त्रीलिंगी आणि अनेकवचनी. प्रदेश सांगितला आहे, काम सांगितले आहे. संपूर्ण संग्रहात निनावी राहिलेले हात इथे मुसळासह दिसतात. अर्थात दिसतात ते राजाच्या करमणुकीच्या प्रकरणात. कांडणारीला तिचे गाणे ‘विनोद’ वाटत होते की श्रमाला ताल, हे विचारण्याची ग्रंथाला गरज नव्हती.

माझी तक्रार मात्र सोमेश्वराशी नाही, आपल्याशी आहे. आपण या ओळीतून ‘ओवी’ आणि साल उचलले आणि ‘कांडताना’ हा शब्द टाकून दिला. पुढच्या शतकात देवगिरीला शार्ङ्गदेव ‘संगीतरत्नाकरा’त ओवीला प्रबंधप्रकारांत जागा देतो, शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वर तिच्यात गीता सांगतात, आणि आपला इतिहास या उंच पायऱ्यांनीच चढतो. उखळ तळाशी राहते. ओवी आधी छंद होती आणि मग बायकांनी ती कामाला लावली, असे विद्यार्थी परीक्षेत लिहितात तेव्हा चूक त्यांची नसते. लिखित पुराव्याचा क्रम उलटा आहे: आधी काम.

ही उणीव भरण्याचे मोठे काम वाङ्मयाच्या विभागांबाहेर झाले. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत गावोगाव हिंडून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, आणि त्यांसोबत गाणाऱ्या बायकांची नावे आणि गावे नोंदवली. मानसोल्लासाच्या त्या अनेकवचनाला तिथे एकेक नाव मिळते.

आमच्या भागातल्या काही जुन्या घरांत ओसरीच्या फरशीत बसवलेले उखळ अजून आहे. बहुधा त्यावर पाट ठेवून वर पाण्याची घागर ठेवलेली असते. कांडण घरातून गेले. शब्द तेवढा बाजारात गेला आहे: उन्हाळ्यात तालुक्याच्या गावी गिरण्यांबाहेर ‘मिरची कांडप’ अशी पाटी लागते, आणि बायका तोंडाला पदर लावून, पिशव्या घेऊन रांगेत उभ्या असतात.